सतरा नंबरचा फॉर्म

नेतृत्वशैली हा शब्द मी पाच वर्षं इतक्या वेळा टाइप केला, की आता कुणी सहज उच्चारला तरी माझं टाळकं सरकतं. वर्ध्याच्या एका कॉलेजात मी वाणिज्य शिकवतो. पीएच.डी.शिवाय पुढची बढती नाही हे चाळिशी उलटल्यावर कळलं, म्हणून हा विषय घेतला: वरिष्ठांची नेतृत्वशैली आणि तिचा कामगारांवर होणारा परिणाम. विषय मार्गदर्शकांनी दिलेला. मला तेव्हा कुठलाही चालला असता.

आमच्याकडे संत्री निवडून, धुऊन, पेटीत भरणारी केंद्रं आहेत. त्यातली दोन मी घेतली. एक तळेगावकडचं, दुसरं रोहण्याजवळचं. हंगामात आसपासच्या गावांतल्या बाया टेम्पोनं तिथे येतात, ढिगाशी बसून मोठं, मधलं, बारीक, डागी असं फळ वेगळं करतात आणि संध्याकाळी त्याच टेम्पोनं परत जातात. कामावर घेतल्याचा कागद नसतो, काढल्याचाही नसतो. हंगाम लागला की टेम्पो दारासमोर थांबतो. थांबला म्हणजे काम आहे.

तळेगावकडचा मॅनेजर तोंडाचा फटकळ. मी फॉर्म घेऊन गेलो तर सगळ्यांदेखत म्हणाला, "घंटाभर काम बंद ठेवून तुमी कागद भरवून राह्यले. ट्रक का तुमी भरसान?" ढिगामागून एक म्हातारी त्याच्यावरच डाफरली, "भरू दे न जी त्यायले, कायले कावून राह्यला?" तो हात झटकून ट्रककडे वळला. बायांनी त्याच्याबद्दल फॉर्मवर नको नको ते लिहिलं, पण ते बघायला त्यानं मागितलं नाही. "थे मले रोज तोंडावर ऐकू येते," एवढंच म्हणाला. मी वहीत 'हुकूमशाही शैली' असं लिहून मोकळा झालो.

रोहण्याजवळचा मॅनेजर मात्र शिकलेला, मऊ बोलणारा. रोज सकाळी काम लागायच्या आधी तो बायांना गोल करून बसवायचा आणि विचारायचा, "सांगा, कोणाला काही अडचण?" माझ्यासाठी खुर्ची आणि पंखा तयार असायचा, दुपारी स्वतःच्या घरून जेवण यायचं. माझा प्रबंध कुठवर आला हे आख्ख्या जिल्ह्यात तो एकटाच मनापासून विचारायचा. घरी बायकोनंही विचारणं सोडलं होतं. वहीत त्याच्या नावापुढे मी 'सहभागी शैली' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. खरं सांगायचं तर निष्कर्ष माझा तिथेच ठरला, फॉर्म भरायचे बाकी होते.

फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं. बायांना मी तसं तीनदा बजावून सांगितलं. पण पुढच्या हंगामात त्याच बायांकडून तोच फॉर्म पुन्हा भरून घ्यायचा होता, म्हणजे शैलीचा परिणाम मोजता येतो म्हणे. कुणाचा कुठला हे मला कळायला हवं होतं. म्हणून मी मजुरीच्या हिशोबासाठी ठेवलेल्या हजेरीपुस्तकातला नंबर प्रत्येक फॉर्मच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकला. हा दीडशहाणपणा सर्वस्वी माझा.

सतरा नंबरची बाई पन्नाशीची होती. अंगानं किडकिडीत, बोलायला शांत. माझ्या प्रश्नांचं पुस्तकी मराठी वाचायचा तिला कंटाळा, म्हणून मी वाचून दाखवत होतो आणि ती खूण करत होती. 'निर्णय घेण्यापूर्वी वरिष्ठ माझे मत विचारात घेतात.' तिनं पहिल्याच चौकटीत खूण केली. अजिबात नाही.

मी म्हटलं, "बाई, रोज सकाळी विचारतात ना तुम्हाला?"

"इचारते जी, रोज इचारते. पण गोष्ट आधीच ठरेल राह्यते. टेम्पो सहाले आणू का सातले, म्हणून इचारलं. आमी साऱ्याईनं सातले म्हणलं. दुसऱ्या दिवशी सहालेच आला. वरून म्हणते, तुमाले इचारूनच केलं."

बाकीच्या फॉर्मवर शेवटच्या चौकटीत ओळीनं खुणा होत्या. पूर्ण सहमत, पूर्ण सहमत. तिच्या फॉर्मवर संत्र्याच्या सालीचा पिवळा डाग आणि सगळ्या खुणा डावीकडे. मला तेव्हा तिचा थोडा रागच आला. चांगला चाललेला माझा तक्ता तिनं बिघडवला होता.

जेवणं झाल्यावर मॅनेजर हात पुसत म्हणाला, "सर, फॉर्म जरा बघू का? आपलं काय चुकतं ते माणसाला कळलं पाहिजे." इतकी चांगली मागणी कोण नाकारतो? त्याच्याच घरची भाकर नुकती पोटात गेली होती, शिवाय तो माझा आदर्श नमुना. मी गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला आणि हात धुवायला गेलो. परत आलो तेव्हा गठ्ठा जसाच्या तसा होता. टेबलावर हजेरीपुस्तक उघडं होतं. ते मी पाहिलं आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही.

तो मृग बहाराचा हंगाम, फेब्रुवारी-मार्चचा. दिवाळीनंतर आंबिया बहाराची फळं आली तेव्हा मी पुन्हा गेलो. सतरा नंबर कुठे दिसेना. मॅनेजरला विचारलं.

"मी एकट्यानं नाही ठरवलं सर," तो म्हणाला. "आपल्याकडे तसं होतच नाही. सकाळच्या बैठकीत मी सगळ्यांना विचारलं, जिला इथलं काहीच पटत नाही तिला बोलवायचं का? हात वर करून ठरलं."

"कुणी नाही म्हणालं नाही?"

"एकही नाही," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, उलट थोडं दुःखच होतं.

मी तिच्या घरी गेलो. ती ओसरीत तांदूळ निवडत होती. तिचे गुडघे गेलेले होते, हे तिथे तिला उठताना पाहिलं तेव्हा कळलं. कापूस वेचायला वाकणं होत नव्हतं, निंदायला बसवत नव्हतं. ढिगाशी पाटावर बसून होणारं हे एकच काम तिला जमत होतं. दिवाळी झाल्यावर ती तीन दिवस डबा भरून सकाळी सहाला दारात उभी राहिली. टेम्पो समोरून गेला. आतल्या बाया दुसरीकडे पाहत होत्या.

"तुमीच म्हणलं होतं जी, नाव नाई राहत त्याच्यावर," ती म्हणाली. आवाज चढला असता तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कोपऱ्यातल्या नंबराचं सांगून टाकलं. ती तांदळातले खडे वेचत राहिली.

"मी बोलतो त्यांच्याशी," मी म्हटलं.

"बोलू नका. बोलसान त अजून कावन." मग तिनं विचारलं, "दुसरा फॉर्म आणला का?"

पिशवीत होता. मी वाचून दाखवायला लागलो, तर तिनं तो हातातून घेतला आणि प्रश्न न ऐकता शेवटच्या चौकटीत वरून खालपर्यंत खुणा करत गेली. एकही सोडली नाही. मग फॉर्म माझ्यासमोर धरला.

"नंबर टाका."

मी बारीक अक्षरात टाकायला लागलो.

"मोठा टाका जी. दिसला पाह्यजे. अन् त्यायले दाखवा." मग म्हणाली, "आता टेम्पो थांबन नं?"

वाटेत मी गाडी दोनदा थांबवली. खोटा फॉर्म आहे, फाडायचा, मॅनेजरला चार शब्द सुनवायचे, मार्गदर्शकांना खरं काय ते सांगायचं. हे सगळं मी गाडीवर बसून ठरवलं. मग माझ्या लक्षात आलं, की यातल्या कशानंही टेम्पो थांबणार नव्हता. मी जाऊन तो फॉर्म त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं सावकाश वाचला, कोपऱ्यातला आकडा पाहिला आणि हसला.

"पाहिलं सर? माणसाला वेळ दिला की माणूस बदलतो."

तिसऱ्या दिवशी टेम्पो थांबला. तो फॉर्म मी बाकीच्यांत मोजला. न मोजून सांगणार काय होतो? पहिल्या हंगामापेक्षा दुसऱ्या हंगामात समाधान वाढल्याचं त्यामुळे छान दिसलं, आणि तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच तक्त्याचं कौतुक केलं. बढती झाली.

प्रबंधाची एक प्रत द्यायला मी सकाळीच रोहण्याला गेलो. बैठक भरली होती. सतरा नंबर पुढच्या ओळीत होती, पाय लांब करून. मॅनेजरनं नेहमीसारखं विचारलं, "सांगा, कोणाला काही अडचण?" तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या आधी तीच बोलली.

"काई नाई जी. सारं बराबर आहे."

माझ्या प्रबंधाचा निष्कर्षही तोच आहे. मला त्यासाठी दोनशे पानं लागली.