मामांच्या हाताचा घाम

मी बंदुकीला फक्त हात लावला होता. म्हणजे, ती उचलून, खांद्याला टेकवून, एक डोळा मिटून भिंतीवरच्या पालीला शरण यायला सांगितलं होतं, एवढंच. पाल आली नाही. मामा आले.

"ठेव खाली," ते म्हणाले. "पाल परवडली, पण तू नको."

बँकांना पहारेकरी पुरवणाऱ्या एका कंपनीत मी टायपिंग करायचो आणि मामा बंदुका पुसायचे. ते सगळ्या कंपनीचे मामा. साहेबांचेसुद्धा, आणि साहेब तर त्यांच्याहून वयाने थोडे मोठेच असावेत. जिन्याखाली लोखंडी दाराची त्यांची खोली होती. वर जाळीचा झरोका, खाली एक लांबट टेबल, आणि तेलाचा असा वास, की तिथे बसून चहा घेतला तर संध्याकाळपर्यंत माझी बिजागरंही कुरकुरत नसत.

काही दिवसांनी त्यांनी तीच दोन नळ्यांची बंदूक, दुनळी, माझ्या नाकासमोर धरली. नळीवर माझी बोटं तांबूस उमटली होती.

"घाम आहे तुझा. लोखंड खातो तो. काडीचं काम करत नाहीस, मग एवढा घाम येतो कुठून रे?"

त्यांनी तो डाग घासून काढला आणि माझ्यावर हात खिशात ठेवण्याची सक्ती केली. मीही हात खिशात घालून त्यांचं काम बघत बसू लागलो. बंदूक रिकामी आहे ना, हे मामा दोनदा बघत. मग गजाला फडकं गुंडाळून ते नळीतून ओढत, फडकं पांढरं बाहेर येईपर्यंत. मग तेल, तेही जेमतेम. "तेल लावायचं असतं, आंघोळ घालायची नसते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुसलेली बंदूक ते नळी खाली करून उभी ठेवत, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. त्याआधी डोळे मिटून आतल्या खटक्यांवरून उघडं बोट फिरवत. एखादा कण राहिला असला तर त्या बोटाला तो टोचायचा.

मामी गेल्यापासून मामा सकाळी सगळ्यांच्या आधी येत आणि शिपायाने दिवे घालवल्याशिवाय उठत नसत. मुलगी लांब, तिच्या संसारात. मी एकदा म्हटलं, "मामा, जरा घरी आराम करा."

"घरी कोण आहे? भिंती आहेत. त्या बोलत नाहीत, आणि त्यांना तेल लावता येत नाही." मग फडकं झटकत म्हणाले, "ही खोली गेली ना, तर मी दिवसभर करणार काय, ते सांग."

मी काहीतरी विनोद केला. तो पडला.

त्याच सुमारास त्यांना कसल्याशा गोळ्या सुरू झाल्या आणि तळवे कायम ओले राहू लागले. मी हातही न लावलेल्या बंदुकांवर डाग दिसू लागले. मामांनी आधी मलाच धरलं.

"खरं सांग, पालीमागे लागला होतास ना परत?"

"आईशप्पथ नाही, मामा."

त्यांनी दोन कोऱ्या लोखंडी पट्ट्या काढल्या. एक मला मुठीत धरायला लावली, एक स्वतः धरली, आणि दोन्ही झरोक्यात ठेवल्या. पुढच्या आठवड्यात काढून बघितल्या, तर माझ्या पट्टीवर दोन-चार ठिपके होते. त्यांची सगळी तपकिरी पडली होती. मामा ती पट्टी उलटसुलट करत राहिले. मी खिशातले हात बाहेर काढले, तरी ते रागावले नाहीत.

मग त्यांनी रबरी हातमोजे आणले. एका दुपारी हातमोजे घालून पुसलेली दुनळी त्यांना राहवेना म्हणून त्यांनी पुन्हा उघडली. काडतूस बसतं तिथेच फडक्याचा धागा आणि किटाचा खडा चिकटून राहिला होता.

"बोटं आंधळी झाली," ते म्हणाले आणि खाली बसले.

मी म्हटलं, "तुम्ही उघड्या हातांनीच करा. मागून मी तेलाचं फडकं फिरवतो." थोडे दिवस तसं चाललं. मी बरा पुसतो असं मला वाटायचं. मामा माझ्याकडे न बघता नुसतं "हं" म्हणत.

एका सकाळी मी साहेबांसमोर टाइप करत बसलो होतो. मामा आत आले. खोलीची किल्ली त्यांनी सवयीने फडक्याने पुसली आणि टेबलावर ठेवली.

"साहेब, माझ्या हाताने बंदुका गंजतायत. दुसरा माणूस बघा."

साहेब गडबडले. "अहो मामा, मग फाटकावर बसा. चांगली खुर्ची देतो."

"मला बघून चोर पळायचे नाहीत, पाणी मागतील," मामा म्हणाले आणि बाहेर पडले.

मी टायपिंग टाकून धावलो आणि त्यांना रस्त्यावर गाठलं. डब्याची पिशवी काखेत मारून ते घराच्या दिशेने सावकाश चालले होते.

"मामा, सांगायची काय गरज होती? मी पुसत होतो ना मागून? कुणाला काय कळणार होतं?"

मामा थांबलेसुद्धा नाहीत.

"काडतूस अडकलं असतं ना, तेव्हा पहारेकऱ्याला कळलं असतं."