मी लॉक काढलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वहिनीला नाही, बायकोला नाही. ज्याला सांगायला हवं होतं तो दादा गेला, त्याला आता अकरा महिने होतील. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं जाईल असं वाटतंय. बघू.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. आम्ही हैदराबादेत तारनाक्याला राहायचो – दादा, वहिनी आणि मी. मी एम.ए. करून नोकरीची वाट पाहत होतो, म्हणजे खरं तर दिवसभर अफझलगंजच्या ग्रंथालयात बसत होतो. दादाचे दिवस मात्र पालटले होते. खासगी टेलिफोन येणार, टेकड्यांवर मनोरे उभे राहणार, अशी नुसती धावपळ होती, आणि दादा अशा मनोऱ्यांचं काम घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे साइटवर होता. हैदराबादच्या भोवतीच्या टेकड्या तुम्ही पाहिल्या असतील. माती कमी, खडकच जास्त. तिथे सिमेंट न् लोखंड चढवायला सहा जुन्या जीप होत्या आणि त्या सहाही खाजा उस्तादांच्या हाताखालून जायच्या.

उस्तादांचं वर्कशॉप ग्रंथालयापासून चालत पाच मिनिटांवर, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. वरती पत्रा, खाली तेलाने काळी झालेली जमीन. दुपारी पुस्तकातून डोकं वर काढलं की मी तिथे जाऊन बसायचो. ते जीपखालूनच माझ्या चपला ओळखायचे. “आओ प्रोफेसर साब. आज कित्ते पन्ने खाए?” मी प्रोफेसर नव्हतो. पुढेही झालो नाही.

त्या वर्षी दादाने सहांपैकी एका जीपसाठी भंगारवाल्याकडून एका परदेशी गाडीचं लॉक होणारं डिफरन्शियल मिळवलं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्याला कमी; दोघांना आपापल्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी मागच्या धुऱ्याच्या मध्यावर असते, ती डिफरन्शियल. पण खडकावर एक चाक अधांतरी राहिलं की सगळी ताकद त्या मोकळ्या चाकात जाते आणि गाडी जागची हलत नाही. अशा वेळी सीटजवळचा दांडा वर ओढायचा. दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात आणि जीप वर चढते. डांबरी रस्त्यावर मात्र हे बांधलेपण सोडावंच लागतं. नाहीतर प्रत्येक वळणावर दोन चाकं एकमेकांशी झगडतात आणि शेवटी आतलं काहीतरी तुटतं.

हे सगळं मला इतकं नीट कसं माहीत? त्या डिफरन्शियलबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. उस्तादांना इंग्रजी येत नव्हतं. आठवडाभर रोज दुपारी मी ती त्यांना वाचून दाखवली आणि मोठ्या अक्षरांत हिंदीत उतरवून दिली. दर महिन्याला दांड्याची केबल तपासा. केबल ढिली असेल तर दांडा खाली येईल, पण लॉक सुटलेलं नसेल. सुटत नसेल तर गाडी सरळ चार हात मागेपुढे घ्या. पक्क्या रस्त्यावर लॉक लावून चालवू नका – हे वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं होतं. मीच.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं, हेही कबूल करून टाकतो. पेटीतल्या क्राऊनचे, म्हणजे मोठ्या दातेरी चक्राचे, दात पिनियनला, म्हणजे लहान चक्राला, बरोबर बसतात की नाही हे पाहायला उस्तादांना शेंदूर लागायचा. मी तो सुलतान बाजारातल्या पूजेच्या दुकानातून आणायचो. तेलात कालवून ते तो ब्रशने दातांवर लावत, चाक हाताने फिरवत, आणि शेंदूर कुठे पुसला गेला ते चष्मा कपाळावर चढवून पाहत. मग पातळ पत्र्याची एखादी चकती घालायची, पुन्हा शेंदूर, पुन्हा फिरवणं. त्या एका कामात त्यांचे तीन दिवस गेले. दुकानदाराने एकदा मला विचारलं, कोणत्या मारुतीला एवढा शेंदूर लागतो? मी ते उस्तादांना सांगितलं तर ते हसत सुटले. “बोलना था ना, लोखंडवाला मारुती है हमारा!”

एक अडचण राहिली होती. लॉक लागलं की डॅशबोर्डवर दिवा लागायला हवा, पण भंगारातून आलेल्या मालात त्याची वायर नव्हती. उस्तादांनी आपला उपाय काढला. लॉक लावलं की स्टीअरिंगला लाल दस्ती बांधायची. दस्ती म्हणजे आपला रुमाल. दांडा खाली केला, गाडी मागेपुढे घेतली, लॉक सुटल्याची खात्री झाली की मगच दस्ती सोडून सीटखाली ठेवायची. दस्ती दिसते तोवर डांबरी रस्त्यावर जायचं नाही. ती जीप जो कुणी ड्रायव्हर घेई, तो हे पाळायचा.

आता त्या दुपारकडे यायला हवं. मी रेंगाळतोय, ते तुमच्याही लक्षात आलं असेल.

नलगोंड्याच्या रस्त्यावरच्या एका टेकडीवर मी दादाबरोबर गेलो होतो. वर बोल्ट कमी पडले. ड्रायव्हर आजारी, दादाला माणसं सोडून निघता येईना, म्हणून त्याने मला ती लॉकवाली जीप घेऊन खालच्या गावात पाठवलं. लॉक लावलेलं होतं, दस्ती बांधलेली होती. उतरताना एवढी धूळ उडाली की चष्म्यातून काही दिसेना. माझा स्वतःचा रुमाल? तो वर ठेवलेल्या पुस्तकात, खुणेसाठी घातलेला. मी जीप थांबवली, स्टीअरिंगची दस्ती सोडली, चष्मा पुसला आणि दस्ती खिशात घातली.

बस्स, एवढंच. पुढे डांबरी रस्ता लागला. स्टीअरिंगला काही नव्हतं, म्हणून माझ्या मनातही काही नव्हतं. वळणांवर टायर कुरकुरत होते, ते मला ऐकू येत होतं. तरी मी चालवत राहिलो. डोक्यात पुस्तकातलं अर्धवट सोडलेलं प्रकरण होतं. गावाच्या अलीकडच्या वळणावर खालून दगड फुटल्यासारखा आवाज झाला आणि मागची चाकं जाम झाली.

मला तत्क्षणी कळलं. हात आधी खिशाकडेच गेला.

रस्त्यावर कुणी नव्हतं. मी दांडा खाली केला. दस्तीची घडी घातली आणि ती सीटखाली, तिच्या जागेवर ठेवली. याला मिनिटभरही लागलं नसेल. चूक माणसाकडून होते, ती मी केव्हाच सांगून टाकली असती. पण ती घडी? ती मी शांतपणे घातली होती.

दुसऱ्या दिवशी जीप लॉरीला बांधून अफझलगंजला आणली. उस्तादांनी तेल मलमलीच्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर क्राऊनचे तुटलेले दात राहिले. दादा मागे उभा होता. “उस्ताद, पंद्रा दिन बी नइ हुए. बैठायाइच बराबर नइ तुमने.”

उस्तादांनी मागच्या टायरवरून तळहात फिरवला. रबर घासून कडा धारदार झाल्या होत्या. मग धुऱ्याचा दांडा बाहेर ओढला आणि उजेडाकडे धरला. त्याच्या टोकाच्या सरळ खाचा किंचित पिळल्या गेल्या होत्या. मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

“साब, लाक लगा के चली है गाडी. पक्की सडक पे.”

दादा माझ्याकडे वळला. “अन्या, लॉक होतं?”

“नाही. खाली उतरल्यावर मी लॉक काढलं होतं. दस्ती पण सीटखाली ठेवली.”

दादाने जाऊन सीटखाली पाहिलं. दस्ती होती.

“मेरा भाई झूट नइ बोलता, उस्ताद.”

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मला बरं झालं असतं. ते वाट पाहत होते. फडक्याला हात पुसेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग म्हणाले, “प्रोफेसर साब बोल रे तो वैसाइच होइंगा.”

दादाने सहाही जीपचं काम तिथून काढून सिकंदराबादच्या एका नव्या, काचेच्या दर्शनी भागाच्या वर्कशॉपला दिलं. त्याच्या ओळखीच्या ठेकेदारांनीही तेच केलं. वर्षाच्या आत गल्लीतल्या त्या पत्र्याखाली कुलपांचं दुकान आलं.

नंतर एकदा मलकपेठेत बसच्या खिडकीतून मला उस्ताद दिसले. मी उतरलो. ते दुसऱ्याच्या वर्कशॉपात ऑटोरिक्षाखाली पडले होते आणि त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान मालक ओरडत होता, “खाजा, कित्ती देर करता रे.” मला पाहून ते उठले, सलाम केला, तब्येत विचारली, आजकाल काय वाचता तेही विचारलं. मी पुस्तकाचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा खाली गेले. मी पुढची बस पकडली. तेव्हाही नाही बोललो. का? भीती कशाची होती, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारतोय. दादा फार तर चिडला असता, चार दिवस अबोला धरला असता. त्या चार दिवसांसाठी मी एका माणसाचा हुन्नर खोटा ठरवला.

दादाच्या शेवटच्या आठवड्यात एक दुपार आम्ही दोघेच खोलीत होतो. जुन्या गोष्टी निघाल्या – मनोरे, टेकड्या, जीप. मग तो म्हणाला, “खाजा उस्ताद माणूस चांगला होता रे. त्या एकाच कामात चुकला. मी जरा जास्तच केलं का?”

तो माझ्याकडे पाहत होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, “नाही दादा. तू बरोबर केलंस.”