ओठांवर नसलेलं नाव

बारामतीत आणि आसपास आमच्या ख्रिस्ती मंडळीची तीस-पस्तीस घरं आहेत आणि मी त्यांचा पाळक आहे. माझे उपदेश कधीच फार गाजले नाहीत. शनिवारी दुपारी जेवण झालं की मी वही घेऊन बसायचो, चार ओळी लिहायचो, दोन खोडायचो, बायकोवर उगाच चिडायचो, आणि रविवारी जे हाती लागलेलं असेल ते मंडळीसमोर ठेवायचो. तिसऱ्या बाकावरचे एक आजोबा पाचव्या मिनिटाला डुलकी घ्यायचे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पहाटे उठून उसाला पाणी देऊन आलेला माणूस तो. देवाच्या घरात झोपला तर झोपला.

दोन वर्षांपूर्वी नाताळात मुलगी पुण्याहून आली आणि तिनं माझ्या फोनवर एआय टाकून दिलं. "पप्पा, मराठीत विचारलं तरी चालतं," म्हणाली. पहिल्यांदा मी त्याच्याकडून कबरस्थानातल्या नळासाठी नगरपरिषदेला अर्ज लिहून घेतला. इतका नेटका अर्ज मला जन्मात जमला नसता. मग एका शनिवारी अंगात ताप होता म्हणून उपदेशाचा सांगाडा मागितला. पुढच्या शनिवारी ताप नव्हता, तरी मागितला.

लोकांना फरक कळला. आजोबा जागे राहू लागले. मंडळीच्या पंचांमधले एक निवृत्त गुरुजी मला दाराशी थांबवून म्हणाले, "साहेब, अलीकडं तुमच्या बोलण्याला धार आलीय."

"देवाची कृपा," मी म्हणालो.

मी स्वतःची समजूत घालत होतो. पूर्वी तरी मी काय सगळं स्वतःच्या पदरचं सांगत होतो? जुन्या पाळकांच्या वह्या होत्या, शास्त्रावरची स्पष्टीकरणाची जाड पुस्तकं होती, त्यातूनच उचलायचो. मग हे काय वेगळं? बायको एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "पूर्वी शनिवारी तुम्ही घरभर फेऱ्या मारायचात. आता छान झोप काढता." ती कौतुक करत होती की काळजी, ते मी विचारलं नाही.

आमच्या मंडळीतला एक माणूस सोमेश्वरनगरला राहायचा. उभी हयात साखर कारखान्यात फिटर म्हणून गेलेली. हात लोखंडासारखे, आणि स्वभावही तसाच. त्याला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलीनं भिगवणजवळच्या डाळजच्या एका शेतकरी घरातल्या मुलाशी लग्न केलं. ते घर हिंदू, माळकरी, भाजीपाला आणि डाळिंबं पिकवणारं. त्यांनी सुनेला नीट सांभाळलं, पण बापानं लेकीचं नाव टाकलं. बारा वर्षं दोघांत शब्द नाही. आईसुद्धा चोरून फोन करायची, नवरा कामावर गेला की.

हा माणूस शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळला. मी दर गुरुवारी एसटीनं जायचो, शेजारी बसायचो, शास्त्र वाचायचो, प्रार्थना करायचो. एका गुरुवारी त्याची बायको पाणी भरायला बाहेर गेलेली पाहून मी धीर केला. म्हटलं, "पोरीला बोलवायचं का? मी निरोप देतो."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. बराच वेळ तसाच होता. मग बायको आली, तिनं चहा टाकला, आणि तो विषय तिथंच राहिला. पुढं मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे आज कळतं.

तो गेला तेव्हा सकाळी फोन आला आणि दफन त्याच दिवशी दुपारी ठरलं. मला पेटीची व्यवस्था करायची होती, खड्डा खणणाऱ्यांना गाठायचं होतं, नातेवाइकांचे फोन घ्यायचे होते. सोमेश्वरनगरला निघताना मी गाडीत बसल्या बसल्या फोनवर लिहिलं: कारखान्यात फिटर, कष्टाळू, देवभीरू, चार महिने आजारी, मागं बायको, मुलगा, नातवंडं, मुलगी दूर असते; दफनविधीसाठी दहा मिनिटांचा संदेश हवा. तो लगेच आला. मी एकदा वरवर नजर फिरवली. चांगला होता. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, आणि मी फोन खिशात टाकला.

कबरीपाशी मी तो संदेश वाचला. लोखंडाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या हातांबद्दल होतं, विश्रांतीबद्दल होतं. आणि मग हे आलं: "शेवटच्या दिवसांत त्यांच्या मनात कोणाबद्दलही कटुता उरली नव्हती. दूर असलेल्या लेकीचं नाव त्यांच्या ओठांवर होतं."

हे वाचताना माझा आवाज भरून आला. आजही मला त्याचीच लाज जास्त वाटते. वाक्य खोटं आहे हे मला माहीत होतं. भिंतीकडं वळलेलं ते तोंड मी स्वतः पाहिलं होतं. पण वाचताना ते मला आठवलंच नाही. वाक्य इतकं गुळगुळीत होतं की मी त्यावरून घसरत पुढं गेलो, आणि वर डोळेही पुसले.

माती देऊन लोक पांगले तेव्हा एक बाई माझ्याकडं आली. कपाळाला कुंकू, डोक्यावर पदर, पाय मातीनं भरलेले. मी तिला तिच्या लग्नाआधी पाहिलं होतं, तरी ओळखायला क्षण लागला.

"पाळकसाहेब, खरंच माझं नाव घ्यायचे?"

मला तेव्हाच सांगता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं की, बाई, माझी चूक झाली. पण तिचा चेहरा असा उघडला होता, की मी मान हलवली. होय म्हणून हलवली.

तिनं तिथंच कबरीच्या कडेला बसून दोन्ही हात ओल्या मातीवर ठेवले. तिचा नवरा कुंपणाबाहेर मोटारसायकलपाशी उभा होता. तो आत आला, तिला उठवलं, आणि मला वाकून नमस्कार करून घेऊन गेला.

यंत्रानं जे लिहिलं ते त्याला काहीच माहीत नसल्यामुळं लिहिलं. माझी मान मात्र सगळं माहीत असून हलली होती. खोट्या साक्षीबद्दलची आज्ञा मी शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या धर्मवर्गात, पोरांकडून पाठ करून घेतो. त्या आठवड्यात मला ती पोरांसमोर म्हणवेना. मी त्यांना गाणं म्हणायला लावलं आणि सोडून दिलं.

पंधरा दिवसांनी त्या माणसाच्या बायकोचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "पोरीनं बापाचा फोटू मोठा करून भिंतीला लावलाय. सासूनंच हार आणून घातला."

"बरं झालं," मी म्हणालो.

"साहेब, एक विचारू? माझ्याम्होरं त्यांनी कवा तिचं नाव घेतलं न्हाय. मी पाया पडले व्हते त्यांच्या, म्हनलं एकडाव बोलवा पोरीला. न्हाय म्हनाले. आन् तुमच्यापाशी बोलले व्हय? इतकी वर्सं मी संसार केला, आन् मला न्हाय सांगितलं?"

तिचा स्वर रागाचा नव्हता, दुखावल्याचा होता. म्हणजे लेकीला जे मिळालं होतं ते आईकडून ओरबाडून घेतलं गेलं होतं, आणि दोन्ही माझ्याच हातून. मी "येतो, भेटून बोलू," असं काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला.

त्या दुपारी मी एक मूर्खपणा केला. सगळी हकीगत फोनवर लिहिली आणि त्या एआयलाच विचारलं, आता काय करू? त्यानं लिहिलं, सत्य सांगा, लवकर सांगा, समोर बसून सांगा, स्वतःचा बचाव करू नका, आणि तिला राग आला तर तो ऐकून घ्या. उत्तर बरोबर होतं. त्यात एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मी एवढी वर्षं लोकांना जे सांगत आलो तेच त्यानं मला सांगितलं होतं, आणि मला ते कळायला त्याला विचारावं लागलं, हे मला फार खुपलं. मी गुडघे टेकून प्रार्थनेला बसलो. शब्द सुचेनात. सवयीनं हात फोनकडं जायला लागला तेव्हा मी तो उचलून बायकोच्या हातात दिला. सगळं तिला सांगितलं.

तिनं फोन फळीवर ठेवून दिला. म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं जा. मी डबा देते."

बारामतीहून भिगवण, तिथून दुसरी गाडी, आणि हायवेवर उतरून डाळजपर्यंत पायी. घर शेतातच होतं. अंगणात डाळिंबाचे क्रेट रचलेले होते आणि सासू ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत होती. पाळक आला म्हणून तिनं हात धुऊन सतरंजी टाकली, सुनेला हाक मारली आणि "तुमी बोला," म्हणून मळ्याकडं निघून गेली. बापाचा फोटो समोरच्याच भिंतीवर होता. हार सुकला होता.

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. ते वाक्य माझं नव्हतं, फोनवरच्या एआयनं लिहिलं होतं, मी न तपासता वाचलं, आणि तुझ्या वडिलांनी माझ्यासमोर तुझं नाव कधी घेतलं नाही.

तिला आधी कळलंच नाही. "फोननं लिव्हलं? फोनला काय ठावं आमच्या घरातलं?"

"काहीच ठाऊक नव्हतं."

"मग त्यानं असं कसं लिव्हलं?"

"मी लिहिलं होतं, मुलगी दूर असते. त्यावरून त्यानं जुळवलं."

ती खाली बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मी इचारलं व्हतं तुमाला. तवा तुमी मान हलवली."

"हो."

"ती बी फोननं हलवली व्हय?"

मेथीची एक जुडी अर्धवट बांधलेली पडली होती, मी तिच्याकडं बघत राहिलो. मग मी त्या गुरुवारचंही सांगितलं. मी काय विचारलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं, आणि मग तिची आई आली.

"तोंड फिरवलं," ती म्हणाली. "रागानं?"

"मला माहीत नाही."

"रडत व्हते?"

"मला तोंड दिसलं नाही."

"अवो, निस्तं बघायचं तरी व्हतं वाकून!" ती पहिल्यांदा ओरडली. कुठंतरी कुत्रं भुंकलं. ती उठली, आत गेली, आणि आतूनच म्हणाली, "जावा तुमी आता."

मी निघालो. डबा तसाच पिशवीत होता. भिगवणच्या स्टँडवर बसून मी तो उघडला आणि तसाच परत बंद केला.

परतताना बारामतीवरून तसाच पुढं मी सोमेश्वरनगरला जाऊन आईलाही सांगितलं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "म्हंजी मलाच न्हाय, कुनालाच न्हाय सांगितलं." यात तिला बरं वाटलं की जास्त वाईट, ते मला समजलं नाही.

त्या रविवारी मी वेदीपुढं उभं राहून मंडळीला सगळं सांगितलं, वर्षभराच्या उपदेशांसह. वाटलं होतं, लोक खवळतील. तसं झालं नाही. एक जण म्हणाला, आता सगळेच वापरतात, त्यात काय एवढं. गुरुजी मात्र बाहेर पडताना थांबले. म्हणाले, "साहेब, शब्द कुणाकडनंही येऊ द्यात. आम्हीही पुस्तकातलंच शिकवलं. पण कबरीपाशी तुम्ही रडलात, ते रडणं कुणाचं होतं?"

डाळजची ती लेक महिन्याभरानं आईकडं गेली. दोघी कडकडून भांडल्या, असं आईनंच सांगितलं. बारा वर्षांचं सगळं निघालं, तू का बोलली नाहीस, तू का आली नाहीस. आता दोघी उघडपणे फोनवर बोलतात. याचं श्रेय मी घेऊ शकत नाही, आणि देवाला द्यायलाही माझी जीभ चटकन वळत नाही. बापाचा फोटो तिनं भिंतीवर ठेवला की काढला, मला ठाऊक नाही. माझ्याशी ती बोलत नाही.

अर्ज आणि पत्रं मी अजून फोनकडून लिहून घेतो. उपदेश वहीत लिहितो. आजोबा परत डुलक्या घेऊ लागलेत.

मागच्या महिन्यात पिंपळीला आमच्यातल्या एक वृद्ध बाई वारल्या. दफनाआधी मी त्यांच्या घरच्यांजवळ बसलो आणि विचारलं, कशा होत्या त्या, सांगा. कुणाला धड सांगता येईना. थोरली सून म्हणाली, भाकरी पातळ करायच्या. नातू म्हणाला, रागीट होत्या. मी तेवढंच लिहून घेतलं, आणि कबरीपाशी तेवढंच बोललो, आणि प्रार्थना केली. चार-पाच मिनिटांत आटोपलं.

त्यांचा मुलगा मागाहून माझ्याजवळ आला. चेहरा पडलेला होता. "साहेब," तो म्हणाला, "थोडं आणखी बोलला असतात तर बरं झालं असतं. आईसाठी."

मी त्याचा हात हातात धरून ठेवला. आणखी काही माझ्याजवळ नव्हतं.