एका हाताची सोय

ढोकीच्या माझ्या चुलतभावाचा उजवा हात उसाच्या चरकात गेला. त्यानंतर तो घरात नुसता बसून राहायचा. मग मला गेम चालवणारं एक मोफत सॉफ्टवेअर सापडलं. त्याचा कोड सगळ्यांना खुला होता आणि त्यात एका हातानं खेळायची सोय होती. भावाला इंग्रजी येत नाही, म्हणून लोहाऱ्यात माझ्या घरी बसून मी त्यातलं वाक्यन् वाक्य मराठीत केलं आणि ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना फुकट दिलं. तो खेळायला लागला, हसायला लागला.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "आरं, हे खेळूच देईना. सदस्य व्हा म्हणायलंय. हे बी तूच लिहिलंस का?"

मी नवं अपडेट उघडून बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. एका हाताची सोय आता दरमहा पैसे भरणाऱ्यांनाच होती. बाकीची सगळी मराठी माझी, 'सदस्य व्हा' तेवढं एक वाक्य त्यांचं. त्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर जगभरचे लोक भांडत होते. बनवणारे म्हणाले, खर्च भागत नाही.

मी लिहिलं, "मग मदत मागा, आम्ही देऊ. पण आम्ही फुकट केलेलं काम कुलपात घालून आम्हालाच विकू नका."

त्यांनी ते पुसलं आणि चर्चाच बंद केली.

चिडलेल्यांपैकी काही जणांनी जुना खुला कोड घेऊन वेगळं सॉफ्टवेअर उभं केलं. माझी मराठी मी तिकडं दिली. भाऊ परत खेळतोय. पण 'आपण सगळे एक परिवार' असा त्या जुन्या सॉफ्टवेअरवाल्यांचा ईमेल आला की मी अजून दातओठ खातो.