सार्डिनियाची ओंजळभर वाळू

मेडशीहून अकोल्याची पहिली एसटी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत भाजणी, भगर, शेंगदाण्याचा कूट, हळदी-कुंकवाची कोयरी आणि रिठदच्या एका मुलाचा फोटो होता. फोटो स्थळ म्हणून माझ्या मुलीला, ज्योतीला दाखवायला. ती दोन वर्षांपासून इटलीच्या सार्डिनिया नावाच्या बेटावर कामाला आहे. समुद्रकिनारा राखणं हे तिचं काम. लोकांनी वाळू, शंख, गोटे उचलून नेऊ नयेत म्हणून उन्हात उभं राहून समजावून सांगायचं. तिचं कंत्राट त्याच महिन्याअखेर संपत होतं. वाढलं तर ती तिथंच राहणार, नाही तर घरी येणार.

ज्योतीचे बाबा सोयाबीन सोडून येणार नव्हते. स्टँडवर म्हणाले, "जाय, अन् तिले घेऊनच ये."

मी दहावी शिकलेली बाई, विमानात पहिल्यांदाच बसले. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, बसून राहावं लागतं एवढंच. रोमला ज्योती घ्यायला आली होती. तिथून बेटावर विमान जातं, पण ती म्हणाली आपण बोटीनं जाऊ, धूर कमी आणि भाडंही कमी. मला दुसरं कारण पटलं. जवळच्या बंदरातून रात्रभराची बोट, खुर्चीचं तिकीट. जाणाऱ्यांनी चादर सोबत ठेवावी, आत थंडी फार असते.

सकाळी काग्लियारी बंदर आलं. पिवळट दगडाचं गाव, चढावर चढ. तिथून रेल्वेनं दीड-एक तासात ओरिस्तानो, आणि पुढे बसनं काब्रास, जिथं ज्योती राहते. भाड्याच्या मोटारी सगळीकडे मिळतात, पण आम्ही दहा दिवसांत एकदाही घेतली नाही. बसचं तिकीट आधी तंबाखूच्या दुकानातून घ्यावं, गाडीत घेतलं तर जास्त पडतं. समुद्राकडे जाणाऱ्या बस फक्त तिथल्या उन्हाळ्यात असतात आणि मोजक्याच. एक चुकली की तासभर झाडाखाली बसायचं. पाण्याची बाटली घरून भरून न्यावी, किनाऱ्यावर दुकान नाही.

खाण्याचं माझ्यासारखीला कठीण जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. पापडासारखी पातळ, कडक पोळी मिळते, महिना महिना टिकते. मेंढपाळ रानात नेत असत म्हणे. त्यावर टोमॅटो घासायचा, मीठ, तेल. अंजीर रस्त्याच्या कडेला झाडावर. तळ्यात गुलाबी पक्षी उभे असतात, ते फुकट बघायला मिळतात.

दुसऱ्या दिवशी ज्योतीनं मला तिचा किनारा दाखवला. नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथं गर्दी आधीच पुरे आहे. तिथली वाळू वाळूसारखी नाही. तांदळाच्या कणीएवढे दाणे, पांढरे, काही गुलाबी, काही हिरवट. टॉवेलखाली चटई घालावी लागते, कारण टॉवेलला वाळू चिकटून जाते. निघताना पाय झटकायचे. फाटकाशी लाकडी खोलीत ज्योतीची वरिष्ठ बाई बसते, ग्रात्सिएल्ला, साठीची, उन्हानं रापलेली. तिच्या मागे फळीवर बाटल्या ओळीनं लावलेल्या.

"ह्या कायच्या बाटल्या?" मी विचारलं.

"नेलेल्या वाळूच्या," ज्योती म्हणाली. "काही पकडल्या, काही लोकायनं टपालानं वापस पाठवल्या. सीझन संपला का आमी किनाऱ्यावर नेऊन टाकतो."

मी ऐकलं. समजलंही. तरीही पुढचं घडलं.

दोन दिवसांनी हरतालिका होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या दिवशी बायका निर्जळी उपास धरतात, वाळूचा महादेव करतात, पूजा करून दुसऱ्या दिवशी पाण्यात सोडतात. त्यानंतर पारणं. लग्न झाल्यापासून माझी एकही हरतालिका चुकली नाही. घरचा गणपती यावर्षी जाऊबाईंकडे दिला होता, पण हरतालिका कोणाकडे देता येत नाही. सकाळी ज्योती आंघोळीला गेलेली, मी पूजेची पानं आणायला जाते असं सांगून पहिल्या बसनं किनाऱ्यावर गेले, फाटकाशी अजून कोणी नव्हतं, स्टीलच्या डब्यात ओंजळभर वाळू घेतली आणि पुढच्या बसनं परत आले. माझ्या हिशेबी ही चोरी नव्हती. एका दिवसासाठी घ्यायची, उद्या समुद्रालाच द्यायची. आपल्याकडे नदीवरून आणायचो तेव्हा कोण विचारायचं?

महादेव काही केल्या होईना. दाणे सुटे, पिंड उभी राहीना. शेवटी वाटीत दाबून ताटात उपडी केली. कुंकवाच्या अक्षता वाहिल्या, पानं वाहिली, आणि मागायचं ते मागितलं. ज्योती घरी यावी, रिठदचं जमावं.

संध्याकाळी ज्योती ड्युटीवरून आली. ताटाकडे बघून दारातच उभी राहिली.

"आई, ही वाळू कुठची?"

"तुह्याच समुद्राची. उद्या देऊन टाकतो."

"तुले परवा सांगतलं होतं ना? आख्ख्या जगाले मी सांगत फिरतो, अन् माह्याच घरात?"

"देवासाठी आणली, पोरी. घरी न्याले नाई आणली."

"सगळे असंच म्हणतात. कोणी पोराईसाठी, कोणी आठवणीसाठी." ती पलंगावर बसली. तेवढ्यात तिला उशाशी ठेवलेला फोटो दिसला. तो तिनं हातात घेतला. "माहं काम सुटावं, हेच मागतलं असशीन ना ताटापुढं? मंग झालंच तुह्या मनासारखं."

ते खरं होतं.

सकाळी मी म्हटलं, कोणाला न दिसता टाकून येऊ. ज्योती म्हणाली, नाही, मी ग्रात्सिएल्लाला सांगणार. मग मी म्हटलं, तू नाही सांगायचं. वाळू मी उचलली, मी सांगते, तू फक्त बोल तिच्या भाषेत.

उत्तरपूजा करून ताट फडक्यात बांधलं आणि बसनं निघालो. उपास सुटायचा होता, विसर्जनाशिवाय पारणं नाही. ग्रात्सिएल्लानं फडकं सोडून पाहिलं. मी सांगितलं, मुलगी आंघोळीला गेली असताना मी आणली, तिला ठाऊक नव्हतं, माझं नाव लिहा. ज्योतीनं ते तसंच सांगितलं की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. पण बाईनं वाळू नेणाऱ्यांची नोंद करायचा कागद काढला आणि माझ्याकडे बघून नाव विचारलं, तेव्हा सांगितलं असावं.

मग तिनं बोटानं अक्षता दाखवल्या.

"ती म्हणते, अशी नाई घेता येत," ज्योती म्हणाली. "रंग लागला हाय, अन् ह्याच्यात तांदूळ हायेत. जशी होती तशी पाहिजे."

तांदळासारख्या वाळूवर मी तांदूळ वाहिले होते. मी ज्योतीला म्हटलं, तिच्याकडून अजून एक ताट माग, आणि पायरीवर बसले. आधी निवडायचं आणि मगच धुवायचं, कारण कुंकू निघालं की तांदूळ कोणता आणि वाळू कोणती ते ओळखू येणार नाही. सासरी चाळीस माणसांच्या पंगतीचे तांदूळ मी निवडलेले आहेत. तिथं तांदळातून खडे काढायचे, इथं खड्यांतून तांदूळ. येणारे जाणारे थांबून बघत होते. एका गोऱ्या बाईनं काहीतरी विचारलं, ग्रात्सिएल्लानं तिला बरंच लांब उत्तर दिलं.

थोड्या वेळानं ज्योती शेजारी येऊन बसली आणि निवडू लागली.

"हा तांदूळ हाय, आई. सोडला तू."

"दिसला नाई. चष्मा घरी राह्यला."

"चष्मा राह्यला, फोटो नाई राह्यला." ती हसली नाही, पण उठूनही गेली नाही.

निवडून झाल्यावर तीन पाण्यांनी वाळू धुतली. कुंकवाचं पाणी समुद्रात नाही, दूरच्या झुडपाच्या बुडाशी ओतलं. ग्रात्सिएल्लानं दाणे तळहातावर घेऊन उन्हात पाहिले आणि होकारार्थी मान हलवली. कागद मात्र फाडला नाही. म्हणाली, तो ऑफिसात जाईल, पुढचं तिच्या हातात नाही. जिथून उचलली तिथं मला तिनं माझ्या हातानं वाळू सोडू दिली. मी हात जोडले. आदल्या दिवशी मागितलेलं त्यावेळी परत घेतलं. असं चालतं की नाही, हे कोणा भटजींना विचारलेलं नाही.

पारणं अंजिरानं केलं.

उरलेले दिवस आम्ही सायकलींनी आणि पायी किनारा फिरलो. पाणी निळं, खडक पांढरे, ऊन कडक. बघण्यासारखं आहे. जाणाऱ्यांनी सप्टेंबरात जावं.

घरी परतल्यावर ज्योतीचे बाबा माझ्या मागे बघत म्हणाले, "एकटीच आली?"

"एकटीच."

महिन्याअखेर ज्योतीचा फोन आला. कंत्राट एक वर्षानं वाढलं. किनारा मात्र बदलला, ग्रात्सिएल्लाच्या हाताखाली नाही, दूरच्या दुसऱ्या गावी. ही बढती की शिक्षा, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं, "बस जाते ना तिथं?" ती म्हणाली, "जाते, दिवसातून दोन खेपा."

त्या दिवशी आमच्या सामाईक अंगणात तुळशीजवळ मला बादली दिसली. तळाशी जाऊबाईंच्या हरतालिकेची वाळू होती. काही वर्षांपासून आम्ही सगळ्याच जणी ती शेजारच्या बांधकामाच्या ढिगातून आणतो आणि बादलीत विसर्जन करतो. नदीत आता ओंजळभर शोधायला फिरावं लागतं. मी बादली घेऊन त्या बांधकामावर वाळू टाकणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडे गेले, ही वाळू कोणत्या नदीची म्हणून विचारलं.

तो हसला. "काकू, वाळूले काय गाव असते काय?"

बादली अजून तुळशीजवळच आहे, परत कुठं न्यायची ते कळत नाही. परत आणलेला फोटो कुठून आला ते मात्र माहीत होतं. दुसऱ्या दिवशी एसटीनं रिठदला गेले आणि तो त्या मुलाच्या आईच्या हातात देऊन आले.