जागेवर उभा ट्रक, वेग पन्नास

“तुमच्या गाडीचे ब्रेक नाई लागले. नवी गाडी द्या, नाई तं मी कोर्टात जातो!”

नामदेवरावांनी मला बसा म्हणायच्या आधीच सुनावलं. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात त्यांचा संत्री आणि कापसाच्या गाठी वाहायचा धंदा होता. त्यांचा नवाकोरा ट्रक अंगणात नाक चेपून उभा होता. मी ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या नागपूर डेपोत सर्व्हिस इंजिनियर होतो. ऐंशीचं दशक, गाडी वॉरंटीत, आणि ब्रेक फेल म्हटलं की आमचे डेपो मॅनेजर सप्रे साहेब यांना जेवण जात नसे.

ड्रायव्हर मोतीराम गजभिये. त्याचं म्हणणं असं: रात्री सौंसरला गाठी उतरवल्या, सकाळी रिकामा परत निघालो, मोहगावजवळ म्हैस आडवी आली, ब्रेक दाबला, लागला नाही, गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. हे सगळं तो माझ्याकडे न बघता सांगत होता.

आता या ट्रकमध्ये एक गंमत होती. कंपनीने काही गाड्यांत प्रयोग म्हणून टॅकोग्राफ बसवला होता. म्हणजे स्पीडोमीटरच्या जागी एक डबी, आत घड्याळ आणि कागदाची गोल चकती. चकती दिवसभर फिरते आणि सुई तिच्यावर वेगाची रेघ ओढते. गाडी पळाली की रेघ वर, थांबली की खाली. चावी आमच्याकडे. ‘हे ड्रायव्हरच्या सुरक्षेसाठी आहे,’ असं आम्ही सगळीकडे सांगत होतो. ड्रायव्हर लोकांनी त्याचं नाव चुगलखोर ठेवलं होतं.

मी डबी उघडली तेव्हा मोतीराम बाजूलाच होता.

“साहेब, मालकानं गाडी घेतली का कंपनीलेच केबिनमधी बसवलं?” त्याने विचारलं.

मी चष्मा पुसला.

चकतीवर सकाळभर पन्नासची रेघ होती. मग एकदम शून्य. मी पोस्टातून डेपोला फोन लावला. सप्रे साहेबांना हर्ष झाला.

“पन्नासच्या स्पीडने ठोकलंय! ड्रायव्हरची चूक. रिपोर्ट लिहा आणि या.”

“साहेब, पन्नासने ठोकली असती तर केबिन उरली नसती. इथे हेडलाइटची काचसुद्धा शाबूत आहे.”

“मशीन खोटं बोलतं का?”

मशीन आमचंच असल्यामुळे मी नाही म्हणालो. पण ती रेघ मला खटकत होती. पट्टी ठेवून ओढावी इतकी सरळ. सौंसरच्या रस्त्यावर बैलगाडी, खड्डा, बकऱ्या, चहा यातलं काहीच लागलं नाही? असा रस्ता तेव्हा मध्य प्रदेशात नव्हता. मी गाडीखाली शिरून ब्रेक तपासले. उत्तम होते. मग मागचं डावं चाक दिसलं. टायरवर मधोमध घासून चकचकीत झालेला पट्टा, आणि जॅकच्या बुडाला बागेतला ओला चिखल. मे महिन्यात!

मी मोतीरामला बाजूला घेतलं. “चाकाला पट्टा लावून काय चालवत होतास?”

तो खाली बसला. “मालकिणीच्या भावाची बाग हाये मोहगावले. पंपाची मोटर जळली. झाडावरची बारकी फळं गळून राहिली होती. बाईनं सांगितलं, तं चाक जॅकवर उचललं, पट्टा लावून पंप चालवला. मंग जॅक घसरला, चाक जमिनीले टेकलं, अन् गाडी उडी मारून टाक्याच्या भिंतीले भिडली. मालकाले सांगू नका, साहेब. साळ्यानं औंदाचा संत्र्याचा बहार वाहाले दुसऱ्या ट्रकवाल्याले देला. तोंड नाई पाहात ते त्याचं.”

म्हणजे गाडी हललीच नव्हती. एक चाक हवेत फिरत होतं आणि आमचं मशीन इमानदारीने पन्नास लिहीत होतं.

मी गप्प राहिलो असतो. पण नामदेवराव चकती बघून गेले होते आणि हिशेब त्यांनी स्वतःच केला होता.

“सकाळभर पन्नासनं म्हणजे नागपूरले जाऊन आला तू! कोणाचा माल वाहून राहिला होता? चाबी ठेव इथं अन् चालता हो!”

मोतीरामने किल्ली काढून खाटेवर ठेवली. मला त्याची दया आली आणि आमच्या डबीचा संताप आला. मी तोंड उघडणार, इतक्यात मालकीणबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

“माह्या भावाच्या बागेत होता तो. मीच धाडला होता. काढाचं असन तं मले काढा.”

नामदेवरावांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, तसाच ठेवला. शेवटी मोतीरामकडे वळले.

“पाणी पुरलं का झाडाईले?”

“अर्ध्या बागेले, मालक.”

“अर्ध्या बागेनं काय होते? जा, उचल चाबी. अन् उद्या जॅकखाली नीट फळी ठेवजो.”

ब्रेकची तक्रार तिथेच मिटली. पण मशीन त्यांच्या भारीच मनात भरलं होतं. “साहेब, गुणाचं हाये हे. माह्या सगळ्या ट्रकले लावून द्या.”

“लावा ना,” बाई नवऱ्याकडे बघून कप गोळा करत म्हणाल्या, “अन् यायच्या जीपले पण लावा. दर शनवारी धंद्यासाठी छिंदवाड्याले जातो म्हणते. पाहू तं खरं.”

नामदेवरावांना जोराचा ठसका लागला. ठसका थांबल्यावर ते म्हणाले, “कायले उगाच? ड्रायव्हरवर भरवसा नाई ठेवला तं धंदा कसा होईन? हेबी काढून न्या, साहेब.”

मी डबी काढून पिशवीत घातली आणि नागपूरची बस धरली. रिपोर्टात लिहिलं: ‘ब्रेक उत्तम. अपघाताच्या वेळी वाहन उभे होते. नोंदलेला वेग पन्नास.’ सप्रे साहेबांनी तो तीनदा वाचला आणि वर पाठवलाच नाही. पुढे नोकरीत मी अशी बरीच यंत्रं बसवली. दुसऱ्याच्या गाडीत बसवायला कोणीही कधी हरकत घेतली नाही.