डब्यातला वरणभात आणि बेडचा दर

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. नातीची अर्धी कोरी वही मिळाली, तीत लिहिते आहे. चुका पोटात घालाव्या. परक्या देशात माझ्यासारख्या एखादीवर अशी वेळ आली, तर तिला थोडं आधी कळावं, एवढंच.

आयर्लंडमधल्या नास गावच्या इस्पितळात डॉक्टरांनी महेशला, माझ्या मुलाला, सांगितलं: स्ट्रोक. म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही. त्यामुळे ह्यांचा उजवा हात, पाय आणि बोलणं गेलं. बोलणं जाण्याला अफेझिया म्हणतात. सगळं समजतं, पण शब्द ओठांवर येत नाही. साल २०१०.

आदल्या दिवशी हे घरामागच्या दोरीवरचे कपडे काढत होते. शर्ट हातातून पडला, उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. चक्कर असेल म्हणून मी कांदा फोडायला आत धावले. कांद्यात वेळ घालवू नका. आधी फोन करा.

इस्पितळात सात आठवडे गेले. गिळण्याची तपासणी झाली. डिस्फेजिया, म्हणजे घास चुकून श्वासनळीत जातो. पाण्यातसुद्धा पावडर घालून ते दाट करून द्यायचं. डॉक्टर म्हणाले, घरी नेऊ नका, उचलायलाच दोन माणसं लागतील. लिक्सलिप गावात महेशचं भाड्याचं घर, झोपायच्या खोल्या वर, तो आणि सून दोघं नोकरीला.

नासच्या पुढे एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना कायमचं ठेवून सांभाळतात तिथे, बेड मिळाला. गाडीत महेशने समजावलं. सरकार प्रत्येक होमशी वेगळी बोलणी करतं. त्यांचा खर्च, आसपासचे दर, सरकारच्या हातातले पैसे बघून एका बेडचा आठवड्याचा दर ठरवतं. म्हणून दोन गावांचे दर सारखे नसतात. ह्यांच्या पेन्शनमधले शंभरातले ऐंशी आपण भरायचे, दरात कमी पडेल ते सरकार. ह्या सगळ्याचा छापील कागद मिळाला, तो मी कपाटात ठेवला. मागची बाजू कुणी वाचली नाही.

मी रोज दोन बस बदलून जात असे. सकाळी सगळे बाहेर पडले की घरात घड्याळाशिवाय आवाज नसे. मऊ वरणभात घोटून डब्यात घ्यायचा. तिथे भरवायचा, तोंड पुसायचं, खिडकीतून शेतातले घोडे बघायचे. परत येताना आठवायचं, आज आपण एक वाक्यही बोललो नाही. नातीला काही विचारलं तर ती इंग्रजीत उत्तर देऊन वर जायची.

दुसऱ्याच आठवड्यात होमच्या मॅनेजरबाईंनी एक कागद पुढे केला. स्पेशल डाएट, आठवड्याला पंचवीस युरो. मी मराठीत सही केली. मला वाटलं, आपला डबा त्यांच्या फ्रीजमध्ये राहतो, त्यांच्याकडे गरम होतो, त्याचे असतील. दुसऱ्याच्या चुलीवर रांधलं तर काही ठेवायची आपली रीतच आहे. महेशच्या कंपनीत माणसं कमी करत होते, म्हणून त्याला सांगितलं नाही. डब्लिनकडे चेरीवूडला ऑफिसात काम करणाऱ्या मराठी मुलांना मी पोळ्या करून द्यायची. त्या पैशातून दर शुक्रवारी पाकीट भरायची.

वर्षभराने होमच्या दारावर नोटीस लागली. सरकारशी नव्या दराची बोलणी सुरू आहेत, जमलं नाही तर काही कुटुंबांना दुसरी सोय बघावी लागेल. तिथली नर्स लिसी केरळची. तिने नोटीस मला हिंदीत वाचून दाखवली आणि हळूच म्हणाली, "आंटी, रेट में खाना आता है. नरम खाना भी. फिर आप किस चीज़ का पैसा देती हो?"

मी तिला गप्प केलं. बोललं आणि बेड गेला तर? दूरच्या कुठल्या गावी ह्यांना टाकतील, मला बसने पोचताही येणार नाही. दोन शुक्रवार मी तसेच पैसे भरले.

तिसऱ्या शुक्रवारी ह्यांच्यासमोर पाकीट काढलं आणि हे कशाचे ते सांगून टाकलं. हे जन्मभर एस.टी.त कंडक्टर होते. ऐकता ऐकता चेहरा लाल झाला. डाव्या हाताची दोन बोटं हवेत चिमट्यासारखी मिटू लागली, तिकिटाला पंच मारावा तशी. पुन्हा पुन्हा. मग पाकीट माझ्याकडे ढकललं. छापील भाड्याच्या वर चार आणे घेणाऱ्या कंडक्टरशी ह्यांनी वर्षभर अबोला धरला होता.

मी डबा उचलला, मॅनेजरबाईंच्या टेबलावर नेऊन उघडला. मला येत होतं तेवढ्या इंग्रजीत म्हटलं, "हे मी शिजवते. तुमचं जेवण ते खात नाहीत. पैसे कशाचे?"

त्यांनी डबा जवळ ओढून बघितला. "यू आर ग्रँड, मिसेस," म्हणजे काळजी नको, "आपण बघू या," म्हणाल्या.

"बेड जाईल का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाही. पैशांवरून मी कुणाला बाहेर काढत नाही."

त्या रात्री महेशला सगळं सांगितलं. तो चिडला नाही. "आई, एवढ्या पोळ्या?" एवढंच म्हणाला आणि कपाटातला कागद उलटा केला. मागे लिहिलं होतं: बेड, जेवण, शुश्रूषा, कपडे धुणं हे सगळं दरात. केस कापणं, वर्तमानपत्र वेगळं. त्याने होमला आणि सरकारी कचेरीला पत्र लिहिलं. म्हणून सांगते, कागदाची मागची बाजू वाचा. इंग्रजी येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्या, लाजू नका. मी लाजले.

उत्तराला पाच महिने लागले. दराचं जमलं, नोटीस उतरली. हे अजून बोलत नाहीत, बोलणार नाहीत, असं मी आता धरून चालले आहे. लिसीचे उपकार मात्र विसरणार नाही.

गेल्या मंगळवारी मॅनेजरबाईंनी स्वतः चेक आणून दिला. मी तो ह्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी आकडा खूप वेळ बघितला. मग कोपरा डाव्या चिमटीत धरून एकदाच दाबला आणि चेक माझ्या हातात दिला. पैसे पुरे परत आले होते.